उतरायचं कोणी?

जानेवारी १९४५. अमेरिकेतल्या मेम्फिस शहरात एका लष्करी मालवाहू विमानातून तीन सैनिकांना खाली उतरवण्यात आलं. त्यांतला एक नाविक वडील वारल्यामुळे रजा घेऊन कॅलिफोर्नियातल्या घरी निघाला होता. अधिक निकडीचा माल चढवायचा असल्याने तिघांना जागा सोडावी लागली. त्याच विमानात पिंजऱ्यातला एक कुत्रा मात्र जागचा हलला नाही. बुलमॅस्टिफ जातीचा हा ‘ब्लेझ’ राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांचे चिरंजीव कर्नल एलियट रूझवेल्ट यांचा. हॉलिवूडमधल्या त्यांच्या अभिनेत्री पत्नीकडे त्याची रवानगी चालली होती. युद्धकाळात हवाई वाहतुकीला अग्रक्रमाच्या श्रेण्या लावलेल्या असत. कुत्र्याच्या वाट्याला सर्वांत वरची श्रेणी आली होती, सैनिकांच्या वाट्याला खालची. वर्तमानपत्रांनी गहजब केला, अमेरिकी संसदेत प्रश्न विचारले गेले, आणि महायुद्ध ऐन भरात असताना देश काही दिवस एका कुत्र्याबद्दल बोलत राहिला.

या प्रकरणात एकही जागा दोनदा विकली गेली नव्हती. तरीही विमानातून उतरवल्या जाणाऱ्या प्रवाशाची गोष्ट इथूनच सांगायला हवी. ओव्हरबुकिंगचा इतिहास सहसा गणिताचा इतिहास म्हणून सांगितला जातो: किती जागा, किती तिकिटं, किती प्रवासी येणारच नाहीत. हे गणित गेल्या सत्तर-ऐंशी वर्षांत फार बारीक होत गेलं. पण ते चुकलं की शेवटी एका माणसाकडे बोट दाखवावं लागतं. ते बोट कोणाकडे वळायचं हे कोण आणि कशावरून ठरवतं, हा या गोष्टीचा दुसरा धागा. पहिल्यापेक्षा तोच जास्त काही सांगतो.

विमान वाहतुकीच्या आरंभी उत्तर सोपं होतं. धंदा टपालाचा होता, प्रवासी उपरा. १९२६ मध्ये अमेरिकेत ‘वेस्टर्न एअर एक्स्प्रेस’ने लॉस एंजेलिस ते सॉल्ट लेक सिटी मार्गावर प्रवासी घ्यायला सुरुवात केली, तेव्हा ते टपालाच्या थैल्यांवर बसून जात. आपल्याकडे जे. आर. डी. टाटा १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला उतरले, तेही टपाल घेऊनच. सरकारी टपालाचा करार कंपनीला जगवत होता, त्यामुळे वजन वाढलं तर कोणाला मागे ठेवायचं हे विचारायची गरज पडत नसे. युद्धात टपालाच्या जागी लष्करी हुद्दा आला, एवढाच फरक.

शांतता आली, चार इंजिनांची मोठी विमानं आली, तिकीट काढून प्रवास करणारा मध्यमवर्ग आला, आणि एक नवी अडचण उभी राहिली. लोक जागा राखून ठेवत आणि येतच नसत. त्यात त्यांचं काही जातही नव्हतं. न वापरलेल्या तिकिटाचे पैसे परत मिळत. बैठक केव्हा संपेल याची खात्री नसलेला व्यापारी संध्याकाळच्या दोन-तीन विमानांत नाव घालून ठेवी आणि सोयीचं असेल ते पकडी. १९३८ च्या कायद्यातून आलेलं ‘सिव्हिल एरोनॉटिक्स बोर्ड’ मार्ग आणि भाडी ठरवून देत असे. भाड्यावर स्पर्धा करता येत नसल्याने कंपन्यांनी सवलतींवर केली. येणार असाल तर या, नसाल तर राहू द्या, ही मुभा त्यांतलीच. तिची किंमत रिकाम्या खुर्च्यांच्या रूपाने कंपनीच्या वहीत पडत होती.

ती वहीही धड नव्हती. कोणत्या विमानात किती जागा उरल्या याची नोंद कार्डांवर आणि भिंतीवरच्या मोठ्या फळ्यांवर ठेवली जाई. एका शहरातल्या कारकुनाने विकलेली जागा दुसऱ्या शहरातल्या फळ्यावर उमटेपर्यंत तिसऱ्याने ती विकलेली असे. ‘अमेरिकन एअरलाइन्स’ने १९४६ मध्ये बॉस्टनच्या कचेरीत ‘रिझर्व्हायझर’ नावाचं विद्युत-यांत्रिक यंत्र बसवलं ते हा घोळ निस्तरण्यासाठी. पुढे १९५३ मध्ये लॉस एंजेलिसहून न्यूयॉर्कला जाणाऱ्या विमानात या कंपनीचे अध्यक्ष सी. आर. स्मिथ आणि आयबीएमचे विक्री प्रतिनिधी ब्लेअर स्मिथ योगायोगाने शेजारी बसले. त्या गप्पांतून जे सुरू झालं त्याचं १९६०च्या दशकात ‘सेबर’ झालं. न्यूयॉर्कजवळच्या ब्रायरक्लिफ मॅनर इथले दोन आयबीएम ७०९० संगणक देशभरातली आरक्षणं एका जागी सांभाळू लागले.

चुकून दोनदा विकलेली जागा आता टाळता येणार होती. पण याच यंत्राने जाणूनबुजून दोनदा विकायची सोय केली. कोणत्या वारी, कोणत्या वेळी, कोणत्या मार्गावर किती लोक येत नाहीत याची नोंद साचू लागली. अर्थतज्ज्ञ मार्टिन बेकमन यांनी १९५८ मध्येच ‘इकॉनोमेट्रिका’ या नियतकालिकात आरक्षणाचा प्रश्न गणिती रूपात मांडला होता. १९६१ मध्ये सिव्हिल एरोनॉटिक्स बोर्डाने १२ आघाडीच्या कंपन्यांची पाहणी केली, तेव्हा नोंदणी करणाऱ्या दहांपैकी एक प्रवासी येत नाही असं दिसलं. त्यामुळे कंपन्यांचं खरोखर नुकसान होतं, हे बोर्डानेही मान्य केलं.

दहातला एक हा आकडा घेऊन हिशेब करून पाहण्यासारखा आहे. १०० जागांच्या विमानाची १०० तिकिटं विकली तर सरासरी १० खुर्च्या रिकाम्या जातात. १०५ विकली तर रिकाम्या खुर्च्या साधारण साडेपाचवर येतात, आणि १०० पेक्षा जास्त प्रवासी दारात उभे राहण्याची शक्यता दोन टक्क्यांहूनही कमी असते. म्हणजे साठ उड्डाणांतल्या एखाद्यात भांडण आणि बाकी सगळीकडे फायदा. मेख एवढीच, की हा हिशेब प्रत्येक प्रवासी स्वतंत्र आहे असं धरून चालतो. प्रत्यक्षात सहा जणांचं कुटुंब एकत्र येतं किंवा एकत्र राहून जातं, आणि सणाच्या आदल्या दिवशी सगळेच येतात. तरीही कोणत्याही व्यवस्थापकाला मोह पडावा असे हे आकडे आहेत. कंपन्यांना तो पडला, मात्र ही गोष्ट त्यांनी प्रवाशांना सांगितली नाही.

त्या साठाव्या उड्डाणाच्या वेळी दारात काय होत असे? गेटवरचा कर्मचारी आपल्या अंदाजाने ठरवी. उशिरा आलेला माणूस बहुधा राही. पण निवड करायची वेळ आली तर जो कमी आरडाओरडा करील तो. अर्थतज्ज्ञ ज्युलियन सायमन यांच्या सांगण्यानुसार कंपन्या म्हातारी माणसं आणि गणवेशातले जवान निवडत, कारण ते तक्रार करत नसत. ही निवड कुठल्या नियमपुस्तकात लिहिलेली नव्हती, त्यामुळे तिच्याविरुद्ध दादही मागता येत नव्हती.

इलिनॉय विद्यापीठात शिकवणाऱ्या सायमन यांनी १९६८ मध्ये वाहतूक-अर्थशास्त्राच्या एका नियतकालिकात छोटासा लेख लिहून उपाय सुचवला. विमान जास्त भरलं की प्रत्येक प्रवाशाला एक लिफाफा द्यावा. पुढच्या विमानाने जायला तो कमीत कमी किती रक्कम घेईल, ते त्याने आत लिहून द्यावं. सर्वांत कमी रक्कम लिहिणाऱ्यांना ती देऊन थांबवावं, बाकीच्यांनी बसावं. ज्याला घाई आहे तो मोठा आकडा लिहील, ज्याला नाही तो लहान. जबरदस्ती कोणावरच नाही. शीर्षकातच सायमन यांनी आपल्या उपायाला ‘जवळजवळ व्यवहार्य’ म्हटलं होतं. कंपन्यांना तो तेवढाही वाटला नाही. सायमन यांनी पाठवलेल्या पत्रांना नकार येत राहिले. विमानतळाच्या दारात लिलाव मांडणं अशोभनीय आहे, प्रवासी गोंधळ घालतील, असा एकूण सूर होता. सायमन हे पुढे १९८० मध्ये धातूंच्या किमतींवर जीवशास्त्रज्ञ पॉल एर्लिख यांच्याशी लावलेल्या पैजेमुळे गाजले. ती पैज त्यांनी जिंकली. पण त्यांच्या कल्पनांपैकी रोजच्या व्यवहारात उतरलेली कल्पना ही लिफाफ्याचीच.

ती उतरायला एक खटला लागला. २८ एप्रिल १९७२ रोजी ग्राहक-हक्क चळवळीचे नेते राल्फ नेडर वॉशिंग्टनहून कनेक्टिकटमधल्या हार्टफर्डला निघाले होते. तिथे दुपारी त्यांची सभा होती. अ‍ॅलेघेनी एअरलाइन्सचं तिकीट खात्रीचं होतं, पण विमानात १०० जागा होत्या आणि उड्डाणाच्या तासभर आधी १०७ जणांची नोंदणी पक्की झालेली होती. सुटायला पाच मिनिटं असताना नेडर गेटवर पोचले तेव्हा विमान भरलेलं होतं. आत बसलेल्यांपैकी कोणी स्वखुशीने जागा देईल का, हे विचारा, असं त्यांनी कर्मचाऱ्याला सांगितलं. कर्मचाऱ्याने नकार दिला. सायमन यांचा लेख येऊन चार वर्षं झाली होती, आणि गेटवर साधा प्रश्न विचारायलाही कंपनी तयार नव्हती. नियमाप्रमाणे देऊ केलेली ३२ डॉलर ४१ सेंटची भरपाई नेडर यांनी नाकारली, ते बॉस्टनच्या विमानात बसले, हार्टफर्डची सभा बुडाली, आणि त्यांनी दावा ठोकला.

दाव्याचा मुद्दा गैरसोयीचा नव्हता, लपवाछपवीचा होता. कंपनी मुद्दाम जादा जागा विकते हे प्रवाशाला सांगत नाही, ही फसवणूक आहे, असं नेडर यांचं म्हणणं. खालच्या न्यायालयाने प्रत्यक्ष नुकसानीचे १० डॉलर आणि दंड म्हणून २५ हजार डॉलर मंजूर केले. प्रकरण वर गेलं. जून १९७६ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की नियामक मंडळ आहे म्हणून प्रवाशाचा न्यायालयात जाण्याचा हक्क जात नाही. दंडाची रक्कम पुढच्या अपिलांत टिकली नाही, पण तोवर काम झालेलं होतं. आतल्या कचेरीत चालणारी गोष्ट उघड झाली होती.

त्याच सुमारास ब्रिटनमध्येही असंच एक प्रकरण वरपर्यंत गेलं होतं. १९७३च्या ऑगस्टमध्ये ‘बीओएसी’ या विमान कंपनीने बर्म्युडाला जाणाऱ्या एका प्रवाशाला जागा निश्चित असल्याचं पत्र दिलं आणि विमानतळावरून परत पाठवलं. व्यापारी वर्णनांच्या कायद्याखाली खटला भरला गेला आणि हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत पोचला. जादा विक्रीचं धोरण असताना निश्चित जागेचं आश्वासन देणं हे खोटं विधान ठरतं, असं तिथल्या न्यायमूर्तींनी म्हटलं. मात्र बीओएसी मधल्या काळात ब्रिटिश एअरवेजमध्ये विलीन झाली होती, आणि जुन्या कंपनीच्या गुन्ह्याची जबाबदारी नव्या कंपनीवर येत नाही, या तांत्रिक मुद्द्यावर शिक्षा टळली. दोन्ही देशांत न्यायालयांनी जादा विक्रीवर बंदी घातली नाही. त्यांचं बोट मौनाकडे होतं.

१९७७ मध्ये राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी कॉर्नेल विद्यापीठातले अर्थतज्ज्ञ आल्फ्रेड कान यांना सिव्हिल एरोनॉटिक्स बोर्डाचे अध्यक्ष नेमलं. सायमन यांनी पुन्हा पत्र लिहिलं, आणि या वेळी वाचणारा माणूस त्यांच्याच शास्त्रातला होता. १९७८ मध्ये नियम झाला: जागेपेक्षा प्रवासी जास्त झाले तर आधी स्वखुशीने थांबणारे शोधायचे, ते पुरेसे मिळाले नाहीत तरच कोणाला सक्तीने अडवायचं, आणि सक्ती केली तर ठरलेली भरपाई द्यायची. जादा विक्री होते, हे काउंटरवर आणि तिकिटावर छापणंही भाग पडलं. लिफाफ्याऐवजी चढती बोली आली. दोनशे डॉलर, कोणी आहे? तीनशे? काही वर्षांतच अमेरिकी विमानतळांवर ही बोली इतकी अंगवळणी पडली, की सुट्टीवर निघालेली तरुण मुलं गर्दीचं विमान मुद्दाम निवडून पहिली हात वर करू लागली. ज्या लिलावाला अशोभनीय म्हटलं गेलं तो प्रवाशांना आवडला. ज्युलियन सायमन यांचा लिफाफाही उशिरा का होईना परतला: डेल्टा एअरलाइन्सने २०११च्या सुमारास चेक-इन करतानाच प्रवाशाला त्याची रक्कम विचारायला सुरुवात केली.

पण कान यांच्या नियमात एक फट राहून गेली होती. सक्तीच्या भरपाईला वरची मर्यादा होती, परिस्थितीनुसार २०० किंवा ४०० डॉलर. ती मर्यादा पुढची तीस वर्षं, २००८ पर्यंत, तशीच राहिली. भाडी बदलली, महागाईने डॉलर झिजला, आकडा हलला नाही. कायद्याने प्रवाशाचं रक्षण म्हणून घातलेली ही रक्कम कंपनीच्या हिशेबात वेगळ्याच कामाला आली. सक्तीने उतरवायला चारशे लागत असतील तर स्वखुशीसाठी पाचशेची बोली कोण लावील? किमान हक्क म्हणून आलेला आकडा लिलावाचं छप्पर होऊन बसला.

याच काळात जादा विक्रीचं मूळ कारणही विरघळत गेलं. १९७८ च्या ऑक्टोबरमध्ये विमान वाहतूक नियंत्रणमुक्त झाली, भाडेयुद्ध सुरू झालं, आणि एकाच विमानातल्या एकाच रांगेतल्या तीन खुर्च्यांना तीन भाव लागले. सर्वांत स्वस्त तिकीट आधी घ्यायचं, आणि ते रद्द केलं तर पैसे गेले. प्रमुख रॉबर्ट क्रँडल यांच्या काळात अमेरिकन एअरलाइन्सने या सगळ्याचं शास्त्र केलं. कंपनीच्या तज्ज्ञांनी १९९२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखात म्हटलं, की क्षमतेएवढीच विक्री केली तर ‘पूर्ण भरलेल्या’ विमानातही सुमारे १५ टक्के जागा रिकाम्या जातील. आणि या नव्या उत्पन्न-व्यवस्थापनाने तीन वर्षांत १४० कोटी डॉलर मिळवून दिले.

कंपन्यांची बाजू खोटी नाही. रिकामी खुर्ची उडाली की तिची किंमत शून्य. तिच्यावर मिळालेला प्रत्येक पैसा बाकीच्यांचं भाडं थोडं खाली ठेवतो, आणि ऐन वेळी निघणाऱ्याला जागा मिळते. जोडविमान चुकल्यामुळे न येणारेही बरेच असतात. त्यांना दुसऱ्या विमानात बसवावंच लागतं. पण एक गोष्ट बदलली आहे. पूर्वी न येणाऱ्या प्रवाशाचे पैसे परत जात, म्हणून त्याची खुर्ची दुसऱ्याला विकणं ही नुकसानभरपाई होती. आता त्यांतल्या पुष्कळांचे पैसे कंपनीकडेच राहतात आणि खुर्चीही पुन्हा विकली जाते. प्रवाशाची मुभा गेली, तिच्यावरचा उतारा तेवढा शिल्लक राहिला.

सक्तीची वेळ आली की कोण उतरणार, हेही या शास्त्राने ठरवून टाकलं. गेटवरच्या कर्मचाऱ्याच्या नजरेची जागा यादीने घेतली: भाड्याचा वर्ग, पुढचा प्रवास, कंपनीच्या सभासदत्वाची पायरी, चेक-इनची वेळ. अपंग आणि एकटी प्रवास करणारी मुलं शेवटी. हे नक्कीच सुधारलेलं आहे, निदान लिहिलेलं तरी आहे. पण पूर्वी गरीब स्वभावाचा माणूस उतरत होता, आता गरीब तिकिटाचा उतरू लागला.

युरोपने वेगळी वाट धरली. १९९१ मध्ये युरोपीय समुदायाने पहिला नियम केला, आणि १७ फेब्रुवारी २००५ पासून लागू झालेल्या २६१ क्रमांकाच्या नियमाने अंतरानुसार २५०, ४०० किंवा ६०० युरोची ठोक भरपाई ठरवली. तिकीट कितीचं होतं हा प्रश्नच नाही. स्वस्त तिकिटाच्या माणसाला उतरवणं त्यामुळे कंपनीला स्वस्त पडत नाही. एका ओळीच्या या फरकामागे एक भूमिका आहे: वाया गेलेला दिवस माणसाचा असतो, तिकिटाचा नसतो.

यानंतर ९ एप्रिल २०१७ येतो. शिकागोच्या ओहेअर विमानतळावरून लुईव्हिलला जाणारं युनायटेड एक्स्प्रेसचं ३४११ क्रमांकाचं उड्डाण. ते रिपब्लिक एअरलाइन ही कंपनी युनायटेडच्या नावाने चालवत होती. विमान ७० जागांचं, सगळे प्रवासी आत बसलेले. जादा तिकिटं विकली गेली नव्हती. युनायटेडने आधी ती विकल्याचं सांगितलं आणि मग दुरुस्ती केली. झालं असं, की रिपब्लिकच्याच चार कर्मचाऱ्यांना दुसऱ्या उड्डाणासाठी लुईव्हिलला पोचायचं होतं. चारशे डॉलरची बोली झाली, मग आठशेची. कोणी उठलं नाही. बोली तिथेच थांबली, आणि संगणकाने चार नावं काढली. तिघं उतरले. चौथे ६९ वर्षांचे डॉक्टर होते. सकाळी रुग्ण तपासायचे आहेत, असं सांगून त्यांनी उठायला नकार दिला. शिकागो विमानतळ विभागाच्या सुरक्षा अधिकाऱ्यांनी त्यांना खुर्चीतून ओढून काढलं आणि मधल्या वाटेवरून फरफटत नेलं. नाक मोडलं, दोन दात पडले, मेंदूला मार बसला. शेजारच्यांचे फोन चालू होते, आणि ते चित्रण एका दिवसात जगभर गेलं.

युनायटेडचे मुख्याधिकारी ऑस्कर मुनोझ यांनी आधी कर्मचाऱ्यांना पाठवलेल्या पत्रात प्रवाशालाच दोष दिला, आणि जनक्षोभ उसळल्यावर माफी मागितली. महिना संपायच्या आत कंपनीने डॉक्टरांशी तडजोड केली; रक्कम जाहीर झाली नाही. त्या वेळच्या नियमाने सक्तीच्या भरपाईची कमाल मर्यादा १,३५० डॉलर होती. युनायटेड तिच्याही खाली, आठशेवर थांबली. हजार, बाराशे, पंधराशे असं म्हणत राहिले असते तर सत्तर माणसांत चार उठले असते, हे सांगायला अर्थशास्त्र लागत नाही. सुरक्षा अधिकारी आत शिरले ते बोली थांबल्यावर.

पुढच्या काही आठवड्यांत जे घडलं त्याने हे सिद्धच केलं. युनायटेडने बोलीची मर्यादा १०,००० डॉलरवर नेली, डेल्टाने ९,९५०वर. साउथवेस्टने जादा विक्री बंद करण्याची घोषणा केली. २०१६ मध्ये अमेरिकेत चार लाखांहून जास्त प्रवाशांनी मोबदला घेऊन जागा सोडली होती, आणि सुमारे ४० हजारांना सक्तीने अडवलं गेलं होतं. दर १० हजार प्रवाशांमागे ०.६२. पुढच्याच वर्षी हे प्रमाण ०.३४ वर आलं. एवढ्यात विमानं मोठी झाली नव्हती आणि प्रवाशांच्या सवयीही बदलल्या नव्हत्या. वाढली होती ती बोली. २०१८ च्या कायद्याने आणि त्यानंतरच्या नियमाने बोर्डिंग पास स्वीकारून आत घेतलेल्या प्रवाशाला जागेच्या अभावी सक्तीने उतरवण्यावर बंदी आली. भरपाईच्या मर्यादेपेक्षा जास्त द्यायला कोणाची आडकाठी नाही, हेही सरकारने लिहून स्पष्ट केलं. चाळीस वर्षांपूर्वीची फट अशी बुजवली गेली.

उतरवायचं नाहीच, असं ठरवलं तर काय होतं, याचीही उदाहरणं आहेत. जानेवारी २०१७ मध्ये कराचीहून मदिनेला गेलेल्या पाकिस्तान इंटरनॅशनल एअरलाइन्सच्या विमानात सात प्रवासी जादा होते. ते सबंध प्रवास मधल्या वाटेत उभे राहिले. २१ मे २०२४ रोजी मुंबईहून वाराणसीला निघालेलं इंडिगोचं विमान धावपट्टीकडे जायला लागल्यावर मागच्या बाजूला एक प्रवासी उभा असल्याचं लक्षात आलं, आणि विमान परत फिरलं. प्रतीक्षेतल्या प्रवाशाला दुसऱ्याची निश्चित जागा दिली गेली होती, असा खुलासा कंपनीने केला. लोकलच्या दारात लोंबकळणाऱ्या मुंबईला या बातमीचं हसू आलं असेल. पण आकाशात ऐन वेळी हवेचा धक्का बसला तर उभं राहणं स्वतःच्या आणि शेजाऱ्याच्याही जिवावर बेततं.

भारतात नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, म्हणजे डीजीसीएने, ऑगस्ट २०१० मध्ये याबद्दल नियम केले आणि १ ऑगस्ट २०१६ पासून भरपाई वाढवली. मर्यादित जादा विक्री आपल्याकडे मान्य आहे. आधी स्वखुशीने थांबणारे शोधायचे, हेही नियमात आहे. त्यांना काय द्यायचं ते मात्र कंपनीच्या मर्जीवर. सक्तीने अडवलेल्या प्रवाशाला तासाभरात सुटणारं दुसरं विमान दिलं तर भरपाई नाही. चोवीस तासांच्या आत सोय केली तर मूळ भाड्याच्या आणि इंधन आकाराच्या दुप्पट, पण १०,००० रुपयांपर्यंत. त्याहून उशीर झाला तर चौपट, पण २०,००० पर्यंत. आता दिवाळीच्या तोंडावर मूळ भाडं ८,००० असेल तर दुप्पट होतात १६,०००. हातात पडतात १०,०००. भाडं मागणीप्रमाणे चढतं, भरपाई चढत नाही. कंपनीला जागेची किंमत सर्वांत जास्त असते तेव्हाच प्रवाशाला उतरवणं तिला तुलनेने सर्वांत स्वस्त पडतं. अमेरिकेने १९७८ मध्ये ठेवलेली आणि नंतर चाळीस वर्षं भोगलेली फट आपण तशीच उचलली आहे.

आणि जे आहे तेही मिळतंच असं नाही. वैध तिकीट असलेल्या प्रवाशांना चढू न देता भरपाई नाकारल्याबद्दल डीजीसीएने जून २०२२ मध्ये एअर इंडियाला १० लाख रुपयांचा दंड केला. बंगळुरू, हैदराबाद आणि दिल्ली इथल्या तपासणीत ते उघड झालं होतं. आपल्या गेटवर बोली ऐकू येत नाही, पाटी वाचली जात नाही, आणि हक्क काय आहे हे प्रवाशाला भांडण झाल्यावर मोबाइलवर शोधावं लागतं.

गंमत अशी, की अनिश्चित जागा विकण्याचा जगातला सर्वांत मोठा आणि सर्वांत प्रामाणिक प्रयोग याच देशात चालतो. रेल्वेची प्रतीक्षायादी आणि आरएसी ही जादा विक्रीच आहे. फरक असा, की तुम्ही यादीत कितवे आहात ते तिकिटावर छापलेलं असतं, नाव पुढे सरकलं की कळतं, आणि आरएसीवाले दोघं एका साइड लोअरवर निदान बसून जातात. धोका कोणी किती घ्यायचा हे तिकीट काढतानाच ठरतं. विमान कंपनी मात्र १०५ जणांना एकसारखी खात्री विकते, आणि ती खात्री कोणासाठी पोकळ होती हे दारात सांगते.

नेडर यांनी १९७२ मध्ये गेटवर मागितलं होतं ते फार नव्हतं: आत बसलेल्यांना विचारा. विचारायला लावण्यासाठी एक खटला, एक नियम, आणि पंचेचाळीस वर्षांनी एका म्हाताऱ्या डॉक्टरचं मोडलेलं नाक खर्ची पडलं. जागा दुबार विकणं हा कंपनीने लावलेला सट्टा आहे. ती बहुतेक वेळा जिंकते, आणि जिंकलेलं स्वतःकडे ठेवते. हरली की देणंही तिनेच द्यायला हवं, आणि ते देणं किती हे जागा सोडणाऱ्याने सांगायला हवं. आपल्या नियमातली दहा आणि वीस हजारांची छपरं काढून टाकली, आणि कोणी हात वर करेपर्यंत बोली चालू ठेवणं सक्तीचं केलं, तर सक्तीने उतरवण्याचा नियम लिहायची गरजच फारशी उरणार नाही.